अमेरिकेच्या संविधानाची दहावी दुरुस्ती

अमेरिकेच्या संविधानाची दहावी दुरुस्ती ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राज्यघटनेतील हक्कांच्या सनदेची अखेरची तरतूद होय. ती १५ डिसेंबर १७९१ रोजी अमलात आली. संविधानाने संघशासनाला न दिलेले आणि राज्यांना मनाई न केलेले सर्व अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राखून ठेवलेले आहेत, असे ही दुरुस्ती सांगते. संघशासनाचे अधिकार मोजके व नेमून दिलेले आहेत आणि उरलेले सर्व अधिकार मूळ धन्याकडेच आहेत, हे अमेरिकी संघराज्याचे मूलतत्त्व तीत शब्दबद्ध झाले आहे. मूळ इंग्रजीत ही तरतूद अवघ्या २८ शब्दांची आहे. तरीही राष्ट्रीय बँक, गुलामगिरी, बालमजुरी, वांशिक विभक्तीकरण, शस्त्रनियंत्रण, आरोग्यविमा आणि स्थलांतरितांविषयीचे धोरण अशा परस्परांपासून दूरच्या विषयांवरील वादांत गेली दोनशेहून अधिक वर्षे तिचा आधार घेतला गेला आहे.

तरतुदीचे स्वरूप

संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या विभागात काँग्रेसचे, म्हणजे संघीय विधिमंडळाचे, अधिकार १८ कलमांत दिलेले आहेत. कर बसविणे, कर्ज उभारणे, परराष्ट्रांशी व राज्याराज्यांत चालणाऱ्या व्यापाराचे नियमन करणे, नाणी पाडणे, टपालव्यवस्था चालविणे, युद्ध पुकारणे व सैन्य उभारणे हे त्यांपैकी प्रमुख होत. दहाव्या अनुच्छेदविभागात राज्यांना काही गोष्टींची मनाई आहे. उदाहरणार्थ, कोणत्याही राज्याला परराष्ट्राशी तह करता येत नाही किंवा स्वतःचे नाणे पाडता येत नाही. या दोन याद्यांच्या बाहेर जे उरते, त्याविषयी दहावी दुरुस्ती बोलते.

राज्यांच्या अधिकारांची यादी मात्र या दुरुस्तीत नाही आणि संविधानात अन्यत्रही नाही. फौजदारी कायदा, विवाह व वारसा, जमिनीचे व्यवहार, शालेय शिक्षण, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था इत्यादी विषय प्रामुख्याने राज्यांकडे आहेत, ते ही यादी नसल्यामुळेच. राज्याला कायदा करण्यासाठी संविधानात आधार दाखवावा लागत नाही. मनाई नसणे पुरेसे असते. संघशासनाला मात्र प्रत्येक कायद्यासाठी संविधानातील एखाद्या अधिकाराकडे बोट दाखवावे लागते. आधार कोणी दाखवायचा याचे उत्तर या दुरुस्तीने निःसंदिग्ध दिले. तो आधार किती व्यापक मानायचा, हा प्रश्न तिने खुला ठेवला. पुढील सारा वाद या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो.

‘किंवा जनतेकडे’ हे शेवटचे शब्दही महत्त्वाचे आहेत. त्यांनुसार राज्यशासन हेही अधिकारांचे अंतिम स्थान नसून, संघ व राज्य या दोहोंनाही जनतेकडूनच अधिकार मिळतात.

पार्श्वभूमी

इंग्लंडपासून स्वतंत्र झालेल्या १३ राज्यांना प्रथम ‘परिसंघाच्या सनदे’ने एकत्र बांधले होते. ही सनद १७८१ मध्ये अमलात आली. तिच्या दुसऱ्या अनुच्छेदाने प्रत्येक राज्याचे सार्वभौमत्व कायम ठेवले आणि काँग्रेसकडे ‘स्पष्टपणे’ सोपविलेल्या अधिकारांखेरीज सर्व अधिकार राज्यांकडे असल्याचे घोषित केले. परिणामी काँग्रेस दुर्बळ राहिली. तिला कर बसविता येत नसे. ती राज्यांकडे पैशांची मागणी करी आणि राज्ये ती पूर्ण करीतच असे नाही. सनदेत बदल करण्यास सर्व १३ राज्यांची संमती आवश्यक होती. आयातीवर पाच टक्के जकात बसविण्याची योजना १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे फसली. युद्धकाळातील कर्ज थकले, राज्ये एकमेकांच्या मालावर अडथळे आणू लागली आणि १७८६–८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांचा शेझचा उठाव झाला, तेव्हा तो शमविण्यासाठी काँग्रेसजवळ पुरेसे साधन नव्हते.

या अनुभवातून १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे घटनापरिषद भरली. तिने तयार केलेल्या संविधानावर १७ सप्टेंबर १७८७ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. नव्या संविधानाने संघशासनाला थेट नागरिकांवर कर बसविण्याचा व कायदे करण्याचा अधिकार दिला. दिलेले अधिकार अमलात आणण्यासाठी ‘आवश्यक व उचित’ असे कायदे करण्याची मुभाही काँग्रेसला मिळाली, आणि सहाव्या अनुच्छेदाने संविधान व त्यानुसार झालेले संघीय कायदे हे देशाचे सर्वोच्च कायदे ठरविले.

संविधानाला राज्यांनी मान्यता द्यावी की नाही, यावर तीव्र वाद झाला. पॅट्रिक हेन्री, जॉर्ज मेसन आदी विरोधकांना भीती वाटत होती की, दूरच्या राजधानीतले बलाढ्य शासन हळूहळू राज्ये गिळून टाकील. समर्थकांपैकी अलेक्झांडर हॅमिल्टन याने ‘द फेडरलिस्ट’ या लेखमालेच्या ८४ व्या लेखात हक्कांची सनद अनावश्यक, किंबहुना धोक्याची असल्याचे प्रतिपादन केले. जो अधिकार दिलेलाच नाही, त्याच्या वापराला मनाई कशासाठी, असा त्याचा प्रश्न होता. जेम्स मॅडिसन याने ४५ व्या लेखात संघशासनाचे अधिकार थोडे व निश्चित, तर राज्यांचे अधिकार अनेक व अमर्याद राहतील, असे आश्वासन दिले. हे आश्वासन पुरेसे वाटले नाही. फेब्रुवारी १७८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने मान्यता देताना दुरुस्त्यांची शिफारस जोडली. स्पष्टपणे न सोपविलेले सर्व अधिकार राज्यांकडे राखून ठेवावेत, ही त्यांतली पहिलीच सूचना होती. व्हर्जिनिया, न्यूयॉर्क इत्यादी राज्यांनीही तशाच शिफारशी केल्या.

दुरुस्तीची निर्मिती आणि एक वगळलेला शब्द

मॅडिसन याने ८ जून १७८९ रोजी प्रतिनिधिगृहात दुरुस्त्यांचा मसुदा मांडला. राखीव अधिकारांविषयीच्या त्याच्या मसुद्यात परिसंघाच्या सनदेतील ‘स्पष्टपणे’ हा शब्द नव्हता. ऑगस्टमध्ये चर्चेच्या वेळी साउथ कॅरोलायनाचे प्रतिनिधी टॉमस ट्युडर टकर यांनी ‘सोपविलेले’ या शब्दापूर्वी ‘स्पष्टपणे’ हा शब्द घालण्याची सूचना केली. मॅडिसनने तिला विरोध केला. कोणतेही शासन केवळ स्पष्ट शब्दांत दिलेल्या अधिकारांवर चालविणे अशक्य असून काही अधिकार गर्भितपणे मानावेच लागतात. अन्यथा संविधानाला प्रत्येक बारीकसारीक बाबीची नोंद करीत बसावे लागेल, असा त्याचा युक्तिवाद होता. टकर यांची सूचना फेटाळली गेली. काही दिवसांनी एल्ब्रिज गेरी यांनी तीच सूचना पुन्हा मांडली. ती १७ विरुद्ध ३२ मतांनी नामंजूर झाली.

काँग्रेसने २५ सप्टेंबर १७८९ रोजी एकूण १२ दुरुस्त्या राज्यांकडे पाठविल्या. त्यांत राखीव अधिकारांची दुरुस्ती बारावी होती. पहिल्या दोन दुरुस्त्यांना त्या वेळी पुरेशी मान्यता न मिळाल्याने ती दहावी ठरली. व्हर्जिनियाच्या मान्यतेने १५ डिसेंबर १७९१ रोजी आवश्यक संख्या पूर्ण झाली. मॅसॅच्युसेट्स, जॉर्जिया व कनेटिकट या राज्यांनी हक्कांच्या सनदेला औपचारिक मान्यता दिली ती थेट १९३९ मध्ये.

मॅककुलक विरुद्ध मेरीलँड (१८१९)

वगळलेल्या शब्दाचे महत्त्व पहिल्यांदा न्यायालयात प्रकट झाले ते या खटल्यात. काँग्रेसने १८१६ मध्ये दुसऱ्या राष्ट्रीय बँकेला सनद दिली होती. मेरीलँड राज्याने १८१८ मध्ये बँकेच्या बाल्टिमोर शाखेवर कर बसविला. शाखेचा रोखपाल जेम्स मॅककुलक याने तो भरण्यास नकार दिला. बँक काढण्याचा अधिकार संविधानात कोठेही लिहिलेला नाही, असा मेरीलँडचा दावा होता. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी एकमताच्या निकालात तो अमान्य केला. दहाव्या दुरुस्तीत ‘स्पष्टपणे’ हा शब्द नाही. तो जुन्या सनदेत होता आणि त्यामुळे झालेली अडचण अनुभवलेल्या लोकांनी तो जाणूनबुजून टाळला, हे त्यांनी दाखवून दिले. कर आकारणे, कर्ज उभारणे व सैन्य पोसणे या अधिकारांच्या अंमलबजावणीचे बँक हे योग्य साधन असल्याने ती घटनामान्य ठरली. संघशासनाच्या संस्थेवर राज्याने कर बसविणे मात्र घटनाबाह्य ठरले.

राज्यांचे हक्क, गुलामगिरी आणि यादवी युद्ध

मार्शल यांच्या निकालाच्या आधीपासूनच एक निराळी विचारसरणी रूढ होत होती. परकीयांविषयी व राजद्रोहाविषयी १७९८ मध्ये केलेल्या कायद्यांविरुद्ध टॉमस जेफरसन व मॅडिसन यांनी नाव प्रकट न करता अनुक्रमे केंटकी व व्हर्जिनिया येथील विधिमंडळांसाठी ठराव लिहून दिले. संविधान हा राज्याराज्यांमधील करार असून संघशासनाने मर्यादा ओलांडल्यास राज्यांना हस्तक्षेप करता येतो, असे त्यांत म्हटले होते. साउथ कॅरोलायनाचे जॉन सी. कॅल्हून यांनी या विचाराला टोकाचे रूप दिले. त्या राज्याने १८३२ मध्ये संघीय जकात कायदे आपल्या हद्दीत रद्दबातल ठरविले. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी हा दावा धुडकावला. १८३३ मध्ये बळाचा वापर करण्यास परवानगी देणारा कायदा आणि जकात कमी करणारी तडजोड एकाच वेळी संमत होऊन पेच टळला.

गुलामगिरीच्या प्रश्नावर मात्र ‘राज्यांचे हक्क’ या घोषणेचा वापर दोन्ही बाजूंनी झाला. दक्षिणेकडील राज्ये गुलामगिरीत संघशासनाने ढवळाढवळ करू नये म्हणत. त्याच वेळी पळून गेलेल्या गुलामांना परत मिळविण्यासाठी मात्र कडक संघीय कायद्याची मागणी करीत. उत्तरेकडील अनेक राज्यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळे आणणारे ‘वैयक्तिक स्वातंत्र्याचे कायदे’ केले. प्रिग विरुद्ध पेनसिल्व्हेनिया (१८४२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेनसिल्व्हेनियाचा असा कायदा रद्द केला. पण संघीय कायदा राबविण्याची सक्ती राज्याच्या अधिकाऱ्यांवर करता येणार नाही, असेही सूचित केले. साउथ कॅरोलायनाने डिसेंबर १८६० मध्ये संघराज्यातून फुटून निघताना जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात दहाव्या दुरुस्तीचा आधार घेतलेला आहे आणि त्याच निवेदनात उत्तरेकडील राज्ये पळालेले गुलाम परत करीत नाहीत, ही मुख्य तक्रारही आहे.

यादवी युद्धानंतर (१८६१–६५) तेराव्या, चौदाव्या व पंधराव्या दुरुस्त्यांनी गुलामगिरी नष्ट केली, राज्यांना नागरिकांच्या हक्कांवर गदा आणण्यास मनाई केली आणि या तरतुदी अमलात आणण्याचा अधिकार काँग्रेसला दिला. त्यामुळे राखीव अधिकारांचे क्षेत्र कायमचे संकोचले. टेक्सस विरुद्ध व्हाइट (१८६९) या खटल्यात संघराज्य अविनाशी असून त्यातील राज्येही अविनाशी आहेत, असे न्यायालयाने म्हटले. फुटून निघण्याचा हक्क नाकारला गेला, पण राज्यांचे अस्तित्वही मान्य झाले.

बालमजुरीचा खटला व ‘डार्बी’चा निकाल

औद्योगिकीकरणानंतर काँग्रेस व्यापार-नियमनाच्या अधिकाराचा अधिकाधिक वापर करू लागली. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणाऱ्या कारखान्यांचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठविण्यास १९१६ च्या कायद्याने बंदी घातली. १४ ते १६ वयाच्या मुलांसाठी कामाचे तासही मर्यादित केले. नॉर्थ कॅरोलायनातील कापडगिरणीत दोन मुलांसह काम करणाऱ्या रोलंड डॅगनहार्ट याच्या नावाने या कायद्याला आव्हान देण्यात आले. हॅमर विरुद्ध डॅगनहार्ट (१९१८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला. कारखान्यातील उत्पादन ही स्थानिक बाब असून तिचे नियमन राज्यांकडे राखून ठेवलेले आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती विल्यम डे यांनी दहाव्या दुरुस्तीचा आशय सांगताना ‘स्पष्टपणे न सोपविलेले’ असा शब्दप्रयोग केला. म्हणजे प्रतिनिधिगृहाने दोनदा नाकारलेला शब्द निकालपत्रात परत आला. न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी प्रखर विरोधी मत नोंदविले.

काँग्रेसने कराच्या मार्गाने तोच हेतू साधण्याचा प्रयत्न केला. तोही १९२२ मध्ये न्यायालयाने हाणून पाडला. १९२४ मध्ये प्रस्तावित झालेल्या बालमजुरीविषयक घटनादुरुस्तीला पुरेशा राज्यांची मान्यता मिळाली नाही. महामंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणातील अनेक कायदे न्यायालयाने रद्द केले. १९३७ पासून मात्र न्यायालयाची भूमिका पालटली. संयुक्त संस्थाने विरुद्ध डार्बी (१९४१) या खटल्यात किमान वेतन व कामाचे तास ठरविणारा १९३८ चा कायदा एकमताने वैध ठरविण्यात आला आणि डॅगनहार्टचा निकाल रद्द करण्यात आला. जे सोडून दिलेले नाही ते सर्व राखून ठेवले आहे, एवढे स्वयंसिद्ध सत्यच दहावी दुरुस्ती सांगते. ती संघशासनाला दिलेल्या अधिकारांतून काहीही वजा करीत नाही, असा न्यायमूर्ती हार्लन स्टोन यांच्या निकालाचा आशय होता. त्यानंतर सुमारे साडेतीन दशके ही दुरुस्ती न्यायालयात निष्प्रभ राहिली.

राजकारणात मात्र तिचा घोष थांबला नाही. शाळांतील वांशिक विभक्तीकरण घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या ब्राउन निकालाविरुद्ध दक्षिणेकडील काँग्रेस-सदस्यांनी १९५६ मध्ये जाहीरनामा काढला. त्यात राज्यांच्या राखीव अधिकारांवर अतिक्रमण होत असल्याची तक्रार होती. आर्कॅन्सॉ राज्यातील लिटल रॉक येथे १९५७ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत प्रवेश मिळावा म्हणून संघीय सैन्य पाठवावे लागले. पुढच्याच वर्षी कूपर विरुद्ध एरन या खटल्यात, संविधानाचा सर्वोच्च न्यायालयाने लावलेला अर्थ राज्यांवर बंधनकारक आहे, असे न्यायालयाने बजावले. या इतिहासामुळे ‘राज्यांचे हक्क’ हा शब्दप्रयोग आजही अनेकांना वंशभेदाच्या समर्थनाची आठवण करून देतो.

राज्ययंत्रणा वेठीस न धरण्याचे तत्त्व

नॅशनल लीग ऑफ सिटीज विरुद्ध युझरी (१९७६) या खटल्यात न्यायालयाने राज्याच्या कर्मचाऱ्यांना संघीय वेतन कायदा लागू करणे पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरविले. परंतु राज्याची ‘पारंपरिक’ कार्ये कोणती, हे ठरविणे खालच्या न्यायालयांना दुष्कर झाले. गार्सिया विरुद्ध सॅन अँटोनियो परिवहन प्राधिकरण (१९८५) या खटल्यात न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी आपले मत बदलले आणि तितक्याच निसटत्या बहुमताने पूर्वीचा निकाल रद्द झाला. राज्यांचे रक्षण मुख्यतः काँग्रेसमधील त्यांच्या प्रतिनिधित्वाने होते, असे या निकालाचे प्रतिपादन होते.

१९९० नंतर न्यायालयाने निराळी वाट धरली. काँग्रेस कोणत्या विषयावर कायदा करू शकते, याऐवजी तो कायदा ती कोणाकरवी राबविते, यावर भर देण्यात आला. न्यूयॉर्क विरुद्ध संयुक्त संस्थाने (१९९२) या खटल्यात किरणोत्सारी कचऱ्याविषयीच्या १९८५ च्या कायद्यातील एक तरतूद वादग्रस्त होती: ठरावीक मुदतीत विल्हेवाटीची व्यवस्था न करणाऱ्या राज्याने तो कचरा स्वतःच्या मालकीचा करून घ्यावा. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांच्या बहुमताच्या निकालाने ती रद्द झाली. संघशासन नागरिकांना थेट आज्ञा करू शकते. पण राज्याच्या विधिमंडळाला अमुक कायदा करा, अशी आज्ञा करू शकत नाही. यामागे उत्तरदायित्वाचे कारण दिले गेले. निर्णय वॉशिंग्टनचा आणि लोकांचा रोष राज्याच्या अधिकाऱ्यांवर, अशी स्थिती झाल्यास मतदाराला जाब कोणाला विचारावा हेच कळेनासे होते.

प्रिंट्झ विरुद्ध संयुक्त संस्थाने (१९९७) या खटल्याने हे तत्त्व अधिकाऱ्यांनाही लागू केले. पिस्तूल खरेदी करणाऱ्याची पूर्वपीठिका तपासण्याचे काम १९९३ च्या ब्रेडी कायद्याने तात्पुरते स्थानिक पोलीसप्रमुखांवर सोपविले होते. माँटॅनातील शेरीफ जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनातील शेरीफ रिचर्ड मॅक यांनी त्याला आव्हान दिले. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी पाच विरुद्ध चार बहुमताच्या निकालात ही सक्ती घटनाबाह्य ठरविली. मर्फी विरुद्ध एनसीएए (२०१८) या खटल्यात, राज्यांनी खेळांवरील सट्ट्याला परवानगी देऊ नये, असे सांगणारा १९९२ चा संघीय कायदा रद्द झाला. अमुक करा अशी आज्ञा आणि अमुक करू नका अशी आज्ञा यांत तत्त्वतः फरक नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर अनेक राज्यांनी असा सट्टा कायदेशीर केला.

या तत्त्वाला मर्यादा आहेत. राज्यांच्या न्यायालयांना संघीय कायदे लागू करावेच लागतात, कारण सहाव्या अनुच्छेदाने तेथील न्यायाधीशांना तसे स्पष्टपणे बांधलेले आहे. खाजगी व्यक्ती व राज्ये या दोहोंना सारखाच लागू होणारा सर्वसाधारण कायदा वैध असतो. वाहनचालकांच्या खाजगी माहितीच्या विक्रीस आळा घालणारा कायदा रीनो विरुद्ध कॉन्डन (२०००) या खटल्यात त्यामुळेच टिकला. तसेच राखीव अधिकारांचा मुद्दा केवळ राज्यानेच मांडावा असे नाही. संघीय कायद्याखाली आरोपी ठरलेली व्यक्तीही तो मांडू शकते, असे बाँड विरुद्ध संयुक्त संस्थाने (२०११) या निकालाने स्पष्ट केले.

अनुदान व त्याच्या अटी

आज्ञा करता येत नाही तेथे संघशासन पैशांच्या मार्गाने जाते. मद्य खरेदीसाठी किमान वय २१ वर्षे न ठेवणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी पाच टक्क्यांनी कापण्याची तरतूद १९८४ मध्ये झाली. साउथ डकोटा विरुद्ध डोल (१९८७) या खटल्यात ती वैध ठरली. अट स्पष्ट असावी, अनुदानाच्या हेतूशी संबंधित असावी आणि आमिषाचे रूपांतर सक्तीत होऊ नये, अशा कसोट्या न्यायालयाने घातल्या. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या मानाने धोक्यात असलेली रक्कम किरकोळ होती.

सक्तीची सीमा ओलांडली गेल्याचे न्यायालयाने पहिल्यांदा ठरविले ते २०१२ मध्ये. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचा विस्तार केला होता. तो न स्वीकारणाऱ्या राज्याचे आधीपासूनचे सर्व मेडिकेड अनुदानही थांबविण्याची तरतूद त्यात होती. सरासरी राज्याच्या एकूण खर्चापैकी २० टक्क्यांहून अधिक खर्च या योजनेवर होत असे व त्याचा मोठा वाटा संघशासन उचलत असे. असे अनुदान हिरावून घेण्याची धमकी म्हणजे निवड नव्हे, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्यासह सात न्यायमूर्तींचे मत पडले. त्यामुळे विस्तार स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर राहिले. ज्या राज्यांनी तो स्वीकारला नाही, तेथील अनेक गरीब प्रौढ विम्याविना राहिले. राज्याच्या स्वायत्ततेची किंमत त्याच राज्यातील दुर्बळ नागरिकांना मोजावी लागू शकते, हे या निकालाच्या परिणामांतून पुन्हा दिसून आले.

समकालीन वापर

आज दोन्ही प्रमुख पक्ष आपापल्या सोयीनुसार या दुरुस्तीचा आश्रय घेतात. गांजाबंदीचा संघीय कायदा कॅलिफोर्नियात औषध म्हणून घरी पिकविलेल्या गांजालाही लागू होतो, असे गोन्झालेस विरुद्ध रेच (२००५) या खटल्यात ठरले. तरीही आपल्या पोलिसांना तो कायदा राबविण्यास न लावण्याचा हक्क राज्यांकडे आहे. म्हणूनच कोलोरॅडो, वॉशिंग्टन इत्यादी राज्यांत गांजाची विक्री संघीय बंदी असतानाही राज्याच्या परवान्याने चालते. बेकायदा स्थलांतरितांना पकडण्याच्या कामात सहकार्य नाकारणारी शहरे व राज्ये प्रिंट्झच्याच निकालाचा आधार घेतात, तर बंदुकांविषयीचे संघीय नियम न राबविण्याचे कायदे करणारी राज्येही तोच दाखला देतात. संघीय अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष अडविण्याचा किंवा संघीय कायदा रद्द ठरविण्याचा अधिकार मात्र यांपैकी कोणालाही नाही.

भारतीय संविधानाशी तुलना

भारतीय संविधानाने याच्या उलट मार्ग स्वीकारला. सातव्या अनुसूचीत संघ, राज्य व समवर्ती अशा तीन सूची असून त्यांत न आलेले अवशिष्ट अधिकार अनुच्छेद २४८ अन्वये संसदेकडे आहेत. संविधानाचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘राज्यांचा संघ’ या शब्दयोजनेचा खुलासा केला: भारतीय संघराज्य हे राज्यांमधील करारातून निर्माण झालेले नाही आणि म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध भारतीय संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घटक राज्यांचा सार्वभौमत्वाचा दावा फेटाळला.

दोन बाबतींत हा फरक विशेष ठळक आहे. अमेरिकेत राज्याचे विभाजन त्याच्या विधिमंडळाच्या संमतीविना होऊ शकत नाही. भारतात अनुच्छेद ३ अन्वये संसद साध्या कायद्याने नवे राज्य निर्माण करू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागविले जाते, पण ते बंधनकारक नसते. मुंबई राज्याचे विभाजन होऊन १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली, ती संसदेने केलेल्या पुनर्रचना कायद्यान्वये. दुसरे असे की, अमेरिकेत निषिद्ध असलेली आज्ञा भारतात संविधानानेच मान्य केली आहे. अनुच्छेद २५६ व २५७ अन्वये केंद्र सरकार राज्यांना निदेश देऊ शकते आणि त्यांचे पालन न झाल्यास अनुच्छेद ३६५ नुसार राज्यात घटनात्मक यंत्रणा मोडकळीस आल्याचे मानता येते. राष्ट्रपती राजवटीच्या वापराला खरा न्यायालयीन पायबंद बसला तो एस. आर. बोम्मई खटल्याच्या १९९४ मधील निकालाने.

मूल्यमापन

दहाव्या दुरुस्तीविषयी अभ्यासकांत दोन मते आहेत. एका मतानुसार ती केवळ अर्थ लावण्याची दिशा दाखविते. तिच्यातून राज्यांना स्वतंत्र असा कोणताही हक्क मिळत नाही. दुसऱ्या मतानुसार सत्तेची विभागणी हेच नागरिकाच्या स्वातंत्र्याचे कवच असल्याने न्यायालयांनी तिला प्रत्यक्ष बळ दिले पाहिजे. इतिहासात या दुरुस्तीने गुलाम बाळगणाऱ्यांची बाजू भक्कम केली आणि गुलामांना परत धाडण्यास नकार देणाऱ्यांचीही. मुलांना गिरणीत राबविणाऱ्यांना तिचा आडोसा मिळाला आणि संघशासनाच्या दडपणाला नकार देणाऱ्या शहरांनाही. कोणते धोरण न्याय्य आहे, हे ती सांगत नाही. ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, एवढाच प्रश्न ती प्रत्येक पिढीपुढे नव्याने ठेवते.